मावा, गांधीलमाशी आणि तापमापक

रब्बीच्या हंगामात दोन-चार दिवस आभाळ भरून राहिले की शेतकरी म्हणतात, "आता मावा पडणार." करडई असो, ज्वारी असो की मोहरी, हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. यातला 'पडणार' हा शब्द बोलका आहे. पाऊस पडतो, धुके पडते, तसा मावाही जणू आभाळातूनच पडतो. वर्गात विचारले तर मुलेही हेच सांगतात. आपण त्यांना सांगतो की मावा हा एक कीटक आहे, तो पानातला रस शोषतो आणि त्याला पिल्ले होतात. आपले हे सांगणे बरोबरच असते. पण त्यामुळे शेतकऱ्याचे निरीक्षण खोटे ठरत नाही. हवेचा आणि माव्याचा संबंध आहेच. प्रश्न एवढाच की तो कसा आहे?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. उत्तर मिळाले तेव्हा असे दिसले की या गोष्टीत मावा आणि हवा यांच्याखेरीज आणखी एक पात्र आहे. दोन-तीन मिलिमीटर लांबीची एक काळपट गांधीलमाशी. ही माशी माव्याच्या अंगात अंडी घालते. तिला वगळून हवेचा हिशोब मांडला की तो हमखास चुकतो. हा हिशोब कसा जमत गेला, ते या लेखात पाहू.

एकाच माणसाच्या टेबलावरचे तीन कागद

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रेओम्युर नावाचे एक मोठे निसर्ग-अभ्यासक होऊन गेले. त्यांचे नाव आपल्याला तापमानाच्या रेओम्युर मापनश्रेणीमुळे माहीत असते. पाणी ० अंशावर गोठते आणि ८० अंशांवर उकळते, अशी ती श्रेणी त्यांनी १७३० च्या सुमारास तयार केली. हातात तापमापक आल्यावर त्यांनी पिकांकडे पाहिले. १७३५ साली त्यांनी अशी कल्पना मांडली की पीक तयार व्हायला किती दिवस लागतात हे मोजण्यापेक्षा त्या दिवसांत मिळून किती उष्णता मिळाली हे मोजावे. रोजच्या सरासरी तापमानांची बेरीज करीत जायची. एका ठरावीक बेरजेला पीक पिकते. वर्ष थंड असेल तर ती बेरीज पुरी व्हायला जास्त दिवस लागतात, उबदार असेल तर कमी.

याच सुमारास ते कीटकांवर एक मोठा ग्रंथही लिहीत होते. त्याचे सहा खंड १७३४ ते १७४२ या काळात प्रसिद्ध झाले. फुलपाखरांचे कोष हिवाळ्यात काचगृहाच्या उबेत ठेवले तर फुलपाखरे लवकर बाहेर पडतात आणि थंड तळघरात ठेवले तर फार उशिरा पडतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. कीटकांचे आयुष्य पंचांगाने चालत नाही, ते उष्णतेने पुढे-मागे होते, असा याचा अर्थ होता.

तिसरा विषय माव्याचा. माव्यात नर दिसत नाहीत, तरी पिल्ले होतात, हे कसे? हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी १६९५ साली मावा फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. अंडी सापडतील असे त्यांना वाटले होते. त्याऐवजी आईच्या पोटात पूर्ण वाढलेली पिल्ले सापडली. रेओम्युर यांना याचा छडा लावायचा होता. नुकतेच जन्मलेले एक पिल्लू एकटे वाढवून पाहावे, असा प्रयोग त्यांनी सुचवला आणि करूनही पाहिला. पण त्यांचा मावा जगला नाही.

तो प्रयोग जिनिव्हाच्या शार्ल बॉने या वीस वर्षांच्या तरुणाने तडीस नेला. २० मे १७४० रोजी जन्मलेले एक पिल्लू त्याने एका डहाळीवर ठेवून काचेच्या भांड्याने झाकले. मग रोज भिंगातून तो त्यावर पहारा देत बसला. १ जूनला त्या एकट्या मादीला पहिले पिल्लू झाले. पुढच्या सुमारे तीन आठवड्यांत एकूण ९५ पिल्ले झाली. नराचा संबंध नसताना संतती होते, याचा हा प्राण्यांमधला पहिला भक्कम पुरावा होता. यालाच आपण अनिषेकजनन म्हणतो.

म्हणजे तापमानाची बेरीज, उष्णतेने बदलणारे कीटकाचे आयुष्य आणि माव्याचे अफाट प्रजनन, हे तिन्ही कागद रेओम्युर यांच्या एकाच टेबलावर होते. ते एकमेकांना जोडले जायला मात्र आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

उबदार खोलीतली चार वर्षे

मधल्या काळातील एका प्रयोगाचा उल्लेख करायलाच हवा. थंड प्रदेशात शरद ऋतू आला की माव्यात नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या तयार होतात. त्यांची अंडी हिवाळा काढतात. १८१५ साली जर्मनीतील कायबर यांनी लिहिले की हिवाळ्यातही तापवलेल्या खोलीत झाडांवर ठेवलेला मावा चार वर्षे नुसती पिल्लेच देत राहिला. नर नाहीत, अंडी नाहीत. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ऊब आणि अन्न मिळत राहिले तर माव्याला अंड्यांची गरज पडत नाही.

हा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. १९२३ साली अमेरिकेतील टेनेसी येथे मार्कोविच यांनी स्ट्रॉबेरीच्या मुळांवरील माव्याला झाकून ठेवून दिवस कृत्रिम रीतीने लहान केला. तेव्हा ऐन उबदार दिवसांतही नर-मादी तयार झाले. शरदाचा निरोप माव्याला मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसामुळे मिळत होता. तापमान त्या निरोपाला जोर देते किंवा दाबून टाकते. निसर्गात थंडी आणि लहान दिवस बरोबरच येतात. त्यामुळे कोणामुळे काय झाले, हे नुसते पाहून कळत नाही. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी कहाणी त्याभोवती फिरते.

माव्याच्या पोटातला पाहुणा

आता गांधीलमाशीकडे वळू. 'गांधीलमाशी' म्हटले की आपल्याला छपराला पोळे करणारी, डंख मारणारी माशी आठवते. ही तिची दूरची, चिमुकली नातलग. ती माणसाला डंख मारीत नाही. मावा दिसला की ती आपले पोट पायांमधून पुढे वळवते आणि क्षणार्धात टोचून त्याच्या अंगात एक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून खात वाढते. काही दिवस मावा जिवंतच असतो, रसही शोषतो. मग त्याची पिल्ले होणे थांबते. शेवटी तो फुगतो, त्याची कातडी कडक होते आणि रंग गवती-तपकिरी होतो. अळी त्याला पानाशी चिकटवून टाकते. या पोकळ, फुगीर माव्याला 'ममी' म्हणतात. आत कोष तयार होतो आणि एके दिवशी ममीच्या पाठीला गोल झाकण कापून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. माव्यातून अशा माश्या निघतात, हे १७०० च्या सुमारास लेव्हेनहूक यांनीच पाहिले होते.

एक मादी शंभराहून अधिक मावे टोचू शकते. असे असेल तर मावा कधीच का शिरजोर व्हावा? आणि काही वर्षीच का व्हावा? या प्रश्नाचा पहिला मोठा वाद अमेरिकेच्या गव्हाच्या मैदानांत झाला.

१९०७ चा वसंत

टेक्सासपासून उत्तरेकडे ओक्लाहोमा आणि कॅन्सासपर्यंत गव्हाची सलग मैदाने पसरली आहेत. तिथला गहू शरदात पेरतात, तो हिवाळाभर तग धरतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापणीला येतो. या गव्हावर एक हिरवा मावा येतो. तिथले शेतकरी त्याला 'ग्रीनबग' म्हणतात. हा मावा १८५२ साली इटलीत नोंदला गेला होता आणि १८८२ साली अमेरिकेत प्रथम सापडला. त्याची लाळ पिकाला विषारी असते. पानावर पिवळे-तांबूस डाग पडतात आणि शेतात वाळलेल्या गव्हाचे वर्तुळाकार पट्टे पसरत जातात.

१९०६-०७ चा हिवाळा तिथे सौम्य गेला. मार्च १९०७ असाधारण उबदार होता. त्यानंतर मात्र ऋतू उलटा फिरला. एप्रिल आणि मे महिने असाधारण थंड गेले. याच काळात ग्रीनबगने हाहाकार माजवला. दक्षिणेकडून उत्तरेकडे शेतेच्या शेते पिवळी पडत गेली. आजची कीटकनाशके तेव्हा नव्हती. शेतकऱ्याच्या हातात नांगर होता. वाळलेला पट्टा नांगरून टाकायचा आणि वाट पाहायची.

कॅन्सास विद्यापीठातील कीटकशास्त्राचे प्राध्यापक एस. जे. हंटर यांनी एक धाडसी बेत केला. या माव्यावर लायसिफ्लेबस नावाची गांधीलमाशी जगते, हे त्यांना ठाऊक होते. दक्षिणेत ऊब आधी येते, म्हणून तिथे ही माशी आधी वाढते. तेव्हा ममी असलेला गहू गोळा करायचा, माश्या पेट्यांत भरायच्या आणि उत्तरेकडील शेतकऱ्यांना पाठवायच्या. पेट्या गेल्या. शेतकऱ्यांनी त्या शेतात उघडल्या. काही काळाने मावा खरोखरच कोसळला. पानांवर तपकिरी ममींचा थर दिसू लागला. शेतकरी आनंदले, आणि त्यांनी श्रेय प्राध्यापकांच्या पेट्यांना दिले. यात नवल ते काय?

अमेरिकन सरकारच्या शेती खात्यातील एफ. एम. वेबस्टर यांना हे श्रेय मान्य नव्हते. तृणधान्यांवरील किडींचा अभ्यास त्यांच्याकडे होता. ही गांधीलमाशी गव्हाच्या शेतांत आधीपासूनच आहे, असे त्यांनी दाखवून दिले. पेटी न पोहोचलेल्या शेतांतही ती आहे. हिवाळा ती तिथेच काढते. लक्षावधी माश्या शेतात असताना पेटीतून आणखी काही हजार सोडल्याने काय फरक पडणार? माव्याला आळा बसला तो हवा गरम झाल्यावर. पेट्या आल्या नसत्या तरी तेच झाले असते, असे त्यांचे म्हणणे होते.

वाद वैयक्तिक वाटावा इतका तिखट झाला. पण त्याच्या मुळाशी विज्ञानाचा एक कठीण प्रश्न होता. अमुक केले आणि नंतर तमुक झाले, म्हणून अमुकमुळेच तमुक झाले असे म्हणता येईल का? म्हणायचे असेल तर पेटी सोडलेले शेत आणि न सोडलेले शेत यांची तुलना हवी. पण माशीला पंख असतात. ती बांध ओलांडून शेजारच्या शेतात जाते आणि तिथून इकडेही येते. मग तुलना कशी करायची? पिकाचे नुकसान डोळ्यांसमोर होत असलेल्या शेतकऱ्याला 'तुझ्या अर्ध्या शेतात आम्ही काहीच करणार नाही' असे सांगणेही अवघड.

हिशोब जुळला तो असा

गंमत अशी की वेबस्टर यांच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा हंटर यांच्याच ग्रंथात होता. १९०९ साली कॅन्सास विद्यापीठाने 'ग्रीनबग आणि त्याचे शत्रू' या विषयावर हंटर व पी. ए. ग्लेन यांचे पुस्तक काढले. मावा आणि गांधीलमाशी यांच्यावर हवामानाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्यात ग्लेन यांनी मांडला होता. रेओम्युर यांची बेरीज त्यांनी दोन्ही कीटकांना लावून पाहिली. टेबलावरचे ते तीन कागद इथे एकत्र आले.

ही पद्धत फळ्यावर सहज मांडता येते. प्रत्येक कीटकाचे एक उंबरठा-तापमान असते. त्याखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. सरासरी तापमान उंबरठ्याच्या जितके अंश वर, तितके 'अंश-दिवस' त्या दिवशी जमा झाले. ठरावीक अंश-दिवस जमले की पिढी पूर्ण.

गणितासाठी सोयीचे काल्पनिक आकडे घेऊ. माव्याचा उंबरठा ४ अंश सेल्सिअस आणि एका पिढीला लागणारी बेरीज १२० अंश-दिवस. गांधीलमाशीचा उंबरठा ७ अंश आणि बेरीज १८० अंश-दिवस.

हवा १० अंशांवर असेल तर माव्याला रोज ६ अंश-दिवस मिळतात. पिढीला २० दिवस लागतात. माशीला रोज ३ मिळतात, म्हणून तिला ६० दिवस लागतात. माशीची एक पिढी होईपर्यंत माव्याच्या तीन पिढ्या झाल्या. एका मादीला ३० पिल्ले धरली तर तीन पिढ्यांत २७,००० मावे!

आता हवा २२ अंशांवर न्या. माव्याला रोज १८ अंश-दिवस, म्हणजे पिढीला सुमारे ७ दिवस. माशीला रोज १५, म्हणजे १२ दिवस. माशीच्या एका पिढीत माव्याच्या दोन पिढ्याही पूर्ण होत नाहीत. त्याच हिशोबाने आकडा ९०० च्याही आत राहतो. शंभरावर मावे टोचणाऱ्या मादीला हे अंतर तोडता येते.

आणि हवा ७ अंशांवर असेल तर? मावा ४० दिवसांत पिढी पूर्ण करील. माशीच्या खात्यात रोज शून्य जमा होईल.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. उबेने माव्याची वाढ मंदावत नाही. उलट ती जवळजवळ तिप्पट वेगाने होते. तरीही ऊब माव्याला मारक ठरते, कारण माशीचा वेग पाचपट होतो. नुसत्या माव्याचा आलेख काढून हे कधीच दिसले नसते. प्रयोगशाळेत एकटा मावा ठेवला तर उबेत तो अधिक वाढेल. शेतात, माशीच्या सोबत, त्याच उबेत तो कोसळेल.

१९१२ साली वेबस्टर आणि डब्ल्यू. जे. फिलिप्स यांनी ग्रीनबगवरील आपला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. सौम्य हिवाळा आणि त्यामागून रेंगाळणारा थंड वसंत, हे माव्याच्या उद्रेकाचे सूत्र त्यात स्पष्ट झाले. सौम्य हिवाळ्यात मावा मरत नाही. थंड वसंतात तो वाढतो, पण माशी वाढत नाही. १९०७ साली नेमके हेच झाले होते. १९१४ साली हेडली यांनी हेच दोन कीटक वेगवेगळ्या स्थिर तापमानांत ठेवून त्यांच्या वाढीचे वेग प्रसिद्ध केले.

प्रश्न एका माव्यापुरता नव्हता

हा नियम एका जातीच्या जोडीपुरता आहे की सर्वसाधारण आहे? १९७४ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथील कॅम्बेल, फ्रेझर, गिल्बर्ट, मॅकाउअर आणि अमेरिकेतील गुतिएरेझ या संशोधकांनी माव्याच्या अनेक जाती आणि त्यांच्यावरील गांधीलमाश्या यांची तापमानाची गरज एकत्र मांडली. बहुतेक जोड्यांत माशीचा उंबरठा तिच्या माव्यापेक्षा वर होता. म्हणजे वसंतात मावा आधी आणि माशी मागून, हा क्रम बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो. तो माशीच्याही सोयीचा असावा. ती माव्याच्या आधी बाहेर पडली तर अंडी घालणार कुठे? दुसरी गोष्ट अशी दिसली की एकाच जातीचा उंबरठा सगळीकडे सारखा नसतो. स्थानिक हवामानाप्रमाणे तो वर-खाली झालेला असतो.

या दुसऱ्या गोष्टीचे व्यवहारातले मोल कॅलिफोर्नियात आधीच कळले होते. तिथल्या अक्रोडाच्या बागांत मावा फार त्रास देई. १९५९ साली रॉबर्ट व्हॅन डेन बॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील कान परिसरातून ट्रायॉक्सिस पॅलिडस ही गांधीलमाशी आणून सोडली. समुद्राजवळच्या सौम्य हवेत ती टिकली. अंतर्भागातील तापलेल्या, कोरड्या खोऱ्यात मात्र तिचा टिकाव लागेना. अक्रोडाच्या बहुतेक बागा तर तिथेच. १९६८ साली त्याच जातीच्या माश्या इराणमधून आणल्या. इराणच्या पठाराचा उन्हाळा या खोऱ्यासारखाच कडक. या माश्या पहिल्या एक-दोन वर्षांतच खोरेभर पसरल्या आणि माव्याला आळा बसला. जात एक, नाव एक. फरक होता तो कोणत्या हवेत तिच्या पिढ्या घडल्या याचा.

आपल्याकडेही असा प्रसंग आला आहे. २००२ साली सांगली भागात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि बघता बघता महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊस पांढरा झाला. ईशान्य भारतात हा मावा जुनाच आहे आणि त्याचे शत्रूही तिथे आहेत. म्हणून आसामातून एन्कार्सिया ही परजीवी गांधीलमाशी आणून इकडच्या उसात सोडण्यात आली. त्याशिवाय माव्याला खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनीही इथे मोठे काम केले. अशा वेळी पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे अक्रोडाच्या कहाणीतून कळते: हा मित्र कोणत्या हवेतून येतो आहे आणि कोणत्या हवेत राहायला?

हंटर यांच्या बाजूनेही काही

एवढे वाचल्यावर वाटेल की वेबस्टर जिंकले आणि हंटर हरले. शास्त्राचा इतिहास इतका सरळ नसतो.

ग्रीनबग पुढेही वारंवार येत राहिला. १९६८ साली तर त्याचा एक नवा प्रकार अमेरिकेत ज्वारीवरही उतरला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमातील संशोधकांनी जुना प्रश्न पुन्हा तपासला. ही माशी हिवाळ्यात खरोखर स्वस्थ बसते का? डी. बी. जोन्स, के. एल. जाइल्स आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यातील शेते पाहिली आणि प्रयोगशाळेत कमी तापमानांवर माश्या ठेवल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून दिसले की उंबरठ्याखालच्या तापमानातही ही माशी अंडी घालते. आतल्या अळीची वाढ थंडीत रखडते, पण ऊब आली की पुढे सरकते. माशीचा उंबरठाही ५ ते ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच निघाला.

शिवाय 'सरासरी तापमान' हा आकडाही फसवा असतो. पहाटे उणे २ आणि दुपारी १२ अंश असलेल्या दिवसाची सरासरी ५ येते. हिशोबाच्या वहीत माशीच्या नावावर शून्य पडते. प्रत्यक्षात दुपारच्या उन्हात गव्हाच्या पानावर तिला काही तास कामाचे मिळालेले असतात. स्थिर तापमानाच्या पेटीत मोजलेला वेग शेतातल्या चढ-उतारात तसाच राहत नाही.

थोडक्यात, हवेचे गणित वेबस्टर यांनी बरोबर ओळखले होते आणि पेट्यांबद्दलची त्यांची शंकाही रास्त होती. पण काम शेवटी माशीच करते, हा हंटर यांचा आग्रहही खराच होता. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने शेतकऱ्यांना शिकवलेल्या पाहणीच्या पद्धतीत याचा उपयोग केला आहे. शेतात फिरताना मावा किती ताटांवर आहे हे तर पाहायचेच, पण ममी किती ताटांवर आहेत हेही मोजायचे. ममी पुरेशा असतील तर फवारणी करायची नाही. फवारणीने मावा मरेल, पण पुढच्या आठवड्याची गांधीलमाशीही मरेल. हा निर्णय चुकला तर पैसा जातो आणि मित्रही जातो.

हवा तापत चालली आहे, मग?

आता मुले विचारतील की ऊब माशीच्या बाजूची असेल तर हवामान तापल्याने शेतकऱ्याचे भलेच होईल ना? उंबरठ्याच्या गणितापुरते पाहिले तर तसे वाटते. पण ते गणित थंड टोकाचे आहे. गरम टोकाला दुसरे नियम लागू होतात. फार उष्णतेत मावाही थकतो आणि माशीही. दोघांपैकी कोण आधी कोलमडेल, हे प्रत्येक जोडीत वेगळे असते.

आणखी एक गुंतागुंत अलीकडे कळली. वाटाण्यावरील माव्याच्या काही कुळांत हॅमिल्टोनेला नावाचे जिवाणू राहतात. हे जिवाणू असले की पोटातली गांधीलमाशीची अळी बहुधा जगत नाही, असे २००३ साली केरी ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. २००६ साली कॅनडातील संशोधकांना आढळले की हवा तापवली की हे संरक्षण ढासळते. म्हणजे शर्यतीत दोन नाही, तीन जीव धावतात आणि तिघांचे तापमापक वेगळे.

वेळापत्रकही सरकते आहे. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे १९६४ पासून उंच नळीचे सापळे हवा आत ओढून उडणारा मावा पकडतात. तिथल्या दीर्घ नोंदींवरून दिसते की जानेवारी-फेब्रुवारीचे सरासरी तापमान १ अंशाने वाढले तर बटाट्यावरील एक महत्त्वाचा मावा सुमारे दोन आठवडे आधी उडू लागतो. त्याच्या माश्याही दोन आठवडे आधी येतील का? तेवढ्याच आल्या तर काही बिघडणार नाही. मागे राहिल्या तर १९०७ चा वसंत पुन्हा येईल.

शाळेजवळची रुई

हा सगळा अभ्यास करायला गव्हाची मैदाने लागत नाहीत. शाळेच्या आवाराबाहेर रुईचे झाड असेलच. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दाटलेला असतो. भिंग घेऊन पाहिले तर त्यात काही फुगीर, तपकिरी, न हलणारे मावे दिसतील. त्या ममी. काहींच्या पाठीला गोल भोक असेल. तिथून माशी निघून गेलेली असते.

भोक नसलेल्या ममींची पाने हलक्या हाताने तोडावीत. रुईचा चीक डोळ्यांना फार घातक आहे. म्हणून पाने शिक्षकांनीच तोडावीत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. वीस-वीस ममी दोन बाटल्यांत ठेवून तोंडाला तलम कापड बांधावे. एक बाटली माठाशेजारी गारव्याला ठेवावी, दुसरी वर्गातल्या उबदार कोपऱ्यात. उन्हात ठेवू नये. दोन्ही जागी तापमापक टांगून सकाळ-दुपार नोंद करावी आणि रोज किती माश्या निघाल्या ते लिहावे. सगळ्या ममी एकाच वयाच्या नसतात, म्हणून एका ममीवरून काही ठरवू नये. वीसांची मिळून नोंद पाहावी. एखाद्या ममीतून वेगळ्याच जातीची माशी निघाली तर गोंधळू नये. परजीवीवर जगणारे परजीवीही असतात.

आठवडाभरात वहीत दोन आकड्यांच्या ओळी तयार होतील. त्या पाहून मुलांना लेखाच्या सुरुवातीचे वाक्य पुन्हा विचारावे. ढगाळ हवेत मावा 'पडतो', तेव्हा ढगांमुळे माव्याला बळ मिळते, की त्याच्या मागावर असलेल्या माशीचे काम थांबते? दोन्ही बाजूंनी बोलणारी मुले वर्गात निघतील. त्यांना लगेच उत्तर देण्याची घाई करू नये. कोणता प्रयोग केला म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील, एवढेच त्यांना शोधायला सांगावे.